कासवाचं टेबल: पैसे दिव्यावर घाला, लाकडावर नको

इंग्लंडमध्ये घरात कासव आणायचं म्हटलं की दुकानात तुमच्यासमोर एक 'स्टार्टर किट' येतं. काचेची पेटी, तिच्या तळाशी लावायची गरम चटई, एक लाल बल्ब, झाडाच्या सालींच्या भुग्याची पिशवी आणि प्लॅस्टिकचं छोटं नारळाचं झाड. ते तिथेच राहू द्या. तेवढ्या पैशांत घरच्या घरी चांगलं ऐसपैस टेबल, म्हणजे कासवाला राहायला मातीने भरलेली उघडी लाकडी पेटी, तयार होतं.

माझं मत सरळ आहे. लाकूड फुकट मिळवा, माती स्वस्तातली आणा आणि वाचलेला पैसा दिव्यावर घाला. कासव काही टेबलाचं पॉलिश बघत नाही. त्याला एका टोकाला ऊन हवं, दुसऱ्या टोकाला सावली. वरची माती कोरडी, खालची ओली. कधी कुठे जायचं ते त्याचं त्याला कळतं, फक्त जायला जागा हवी.

मिरजेहून जाऊबाईंचा फोन आला की ठरलेला प्रश्न असतो, "अगं, आपल्या मळ्यातल्या विहिरीत कासव होतंच की! त्याची कुणी केली होती दिवाबत्ती?" बरोबर आहे त्यांचं. पण विहिरीतलं कासव पाण्यातलं, आणि वर सांगलीचं ऊन. आमचा दगडू जमिनीवरचा आहे. त्याला पोहता येत नाही, खोल पाण्यात टाकला तर बुडेल. आणि नोव्हेंबरात लेस्टरला दुपारी चारच्या सुमारास दिवे लावावे लागतात, तिथे ऊन आणायचं कुठून?

दगडू हर्मन जातीचा. स्पेन-फ्रान्सपासून इटली, बाल्कन देश असा भूमध्य समुद्राच्या उत्तरेकडचा झुडपाळ, दगडगोट्यांचा मुलूख हे त्याचं मूळ घर. पूर्ण वाढ झाली की साधारण १५ ते २० सेंमी, आणि नीट सांभाळला तर पन्नास वर्षं सहज. म्हणजे त्याची काळजी तुमच्या मुलीकडे वारशाने जाणार, हे घरात आधीच बोलून घ्या. (दगडू नर की मादी हे अजून नक्की नाही. लहानपणी शेपटीवरून खात्रीने सांगता येत नाही. मादी निघाली तर दगडाबाई म्हणू.)

कागदपत्रांचं एवढंच लक्षात ठेवा: ब्रिटनमध्ये हर्मन कासव विकायला 'आर्टिकल १०' प्रमाणपत्र लागतं. विकणारा "कागद नंतर पाठवतो" म्हणाला तर तिथून उठा. आणि हे महाराष्ट्रात बसून वाचत असाल तर वाचा जरूर, पण ओळखीतल्या कुणी "भाग्याचं म्हणून" स्टार कासव आणून देतो म्हटलं तर हात जोडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते घरात ठेवणं गुन्हा आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते थेट पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. कासवाची पिल्लं सुटकेसमध्ये कोंबून नेताना विमानतळावर पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्या धंद्याला आपला एक रुपयाही लागायला नको.

पुस्तकांचं कपाट आडवं करा

इथे लोक घर बदलताना पुस्तकांची कपाटं फुकट देऊन टाकतात. साधारण २ मीटर उंच, ८० सेंमी रुंद आणि २८ सेंमी खोल असं एखादं मिळालं तर उत्तम. फळ्या काढा आणि पाठीवर आडवं करा, झालं टेबल. पिल्लासाठी निदान १२० बाय ६० सेंमी जागा लागते, त्याच्या दुपटीहून अधिक तुम्हाला मिळाली. मोठ्या हर्मनला मात्र २४० बाय १२० सेंमी आणि उन्हाळ्यात अंगण लागेल, तेव्हाचं तेव्हा.

खरी अडचण कपाटाच्या पाठीची असते. ती बहुधा पातळ हार्डबोर्डची, बारीक खिळ्यांवर टेकलेली. आता हिशोब करा. १० सेंमी जाडीचा मातीचा थर घातला तर १६० लिटर माती होते, आणि ओलसर मातीचं वजन दोनशे किलोच्या घरात जातं. हार्डबोर्ड ते पेलणार नाही. पाठ काढून १२ मिमीचं प्लायवूड स्क्रूने बसवा. टेबल शक्यतो तळमजल्यावर ठेवा आणि खाली सगळीकडून आधार द्या, नुसत्या चार पायांवर उभं करू नका. आमचं जमिनीवरच आहे. खाली इन्सुलेशनचे कडक तक्ते घातलेत, कारण इथल्या फरशीचा गारठा हिवाळ्यात थेट मातीत चढतो. दाराच्या झोतात ठेवू नका, रेडिएटरला चिकटूनही नको.

आतून तळ्यात घालतात तो रबरी कागद, म्हणजे पॉन्ड लायनर, अंथरा आणि कडांना मातीच्या पातळीच्या चार बोटं वर आणून स्टेपल करा. तळाला स्टेपल मारलीत की पाणी झिरपून लाकूड फुगलंच म्हणून समजा. कपाटाला नवा रंग किंवा वास येणारं व्हार्निश लावू नका.

भिंती अपारदर्शक हव्यात. काचेची पेटी मला नको वाटते ती यासाठी. काच हा अडथळा आहे हे कासवाला उमगत नाही. पलीकडे दिसतंय तर जाता आलं पाहिजे, या हट्टाने ते दिवसभर काचेवर नाक घासत राहतं. उंचीचं म्हणाल तर मातीच्या वर भिंत निदान कासवाच्या लांबीच्या दुप्पट तरी असावी. कोपऱ्यांवर मात्र एकेक त्रिकोणी फळी आडवी ठोका. कासव कोपऱ्यात दोन भिंतींना पाय लावून असं काही वर चढतं की बघत राहावं, आणि मग उताणं पडतं. दिव्याखाली उताणं पडून राहिलं तर जिवावर बेततं.

काही जाणकार लहान पिल्लांसाठी हवेशीर बंद लाकडी पेटी बरी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. इथल्या सेंट्रल हीटिंगने हिवाळ्यात घरातली हवा पापड वाळवण्याइतकी कोरडी होते. मी मधला मार्ग काढला. सावलीकडच्या अर्ध्या भागावर प्लायवूडचं सैल झाकण ठेवते, उन्हाकडचा भाग उघडा.

माती

बागेच्या दुकानातला टॉपसॉइल, खत न मिसळलेला, तीन भाग. मुलांच्या वाळूच्या खड्ड्यासाठी मिळते ती धुतलेली प्ले सँड दोन भाग. टॉपसॉइल फार चिकट निघाला तर थोडं भिजवलेलं कोकोपीट. पिशवीवर कीटकनाशक, खत किंवा पांढरे फुगीर दाणे दिसले तर ती पिशवी नको. नुसती वाळू घालू नका. खाण्याबरोबर पोटात जाऊन आतडं तुंबतं, आणि 'कॅल्शियम वाळू' म्हणून विकतात तीही त्यातलीच. देवदार-पाइनचा भुसा तर नकोच.

सगळं घमेल्यात कालवा आणि पाणी शिंपडत जा. मूठभर घेऊन दाबलं तर गोळा व्हावा, बोटाने टोकरलं तर फुटावा, आणि हाताला पाणी सुटू नये. आमच्याकडे सारवायला माती कालवणाऱ्या बायकांना हे न सांगता कळायचं. थर १० सेंमीचा, सावलीकडे थोडा जास्त, कारण तिथे तो स्वतःला पुरून घेणार.

ओलावा वरून फवारून टिकत नाही. आठवड्यातून एकदा-दोनदा कोपऱ्यातून तांब्याभर पाणी ओता. ते तळाशी पसरतं, वरचं कोरडं राहतं. वरची माती सतत चिखल असेल तर पोटाकडच्या कवचाला बुरशी धरते.

एवढं ओलाव्याचं काय, असं वाटेल. कासवाच्या पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे आलेले फोटो तुम्ही पाहिले असतील. पूर्वी त्याचा सगळा दोष जास्त प्रथिनांना देत. २००३ मध्ये वीझनर आणि इबेन या व्हिएन्नाच्या संशोधकांनी आफ्रिकन सुलकाटा जातीची पिल्लं वेगवेगळ्या आर्द्रतेत वाढवून पाहिली, आणि कोरड्या हवेचा परिणाम प्रथिनांपेक्षा कितीतरी मोठा निघाला. जात वेगळी असली तरी आता हर्मन पाळणारेही पिल्लांना ६० ते ८० टक्के आर्द्रता देतात. एकदा आलेले उंचवटे परत सपाट होत नाहीत, म्हणून पहिली काही वर्षंच महत्त्वाची.

दिवे

आता खिशात हात घाला. कासवाला उन्हातून तीन गोष्टी मिळतात: प्रकाश, ऊब आणि यूव्हीबी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण. यूव्हीबीमुळे कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. यूव्हीबी मिळालं नाही तर कवच मऊ पडतं, जबडा वाकडा होतो, पाय फरफटू लागतात. खिडकीतून येणारं ऊन यासाठी बिनकामाचं, कारण काच यूव्हीबी अडवते. "आमच्याकडे दक्षिणेची मोठी खिडकी आहे" म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

यूव्हीबीसाठी सरळ लांब ट्यूब घ्या, टी-५ हाय आउटपुट (बारीक, जास्त प्रखर), १० किंवा १२ टक्के यूव्हीबीची, रिफ्लेक्टरसकट. स्प्रिंगसारखी वळवलेली छोटी 'कॉम्पॅक्ट' बल्बं स्वस्त असतात, पण त्यांचा उजेड एका लहान ठिपक्यावर पडतो. ट्यूब टेबलाच्या साधारण अर्ध्या लांबीची पुरते, कारण उरलेल्या अर्ध्यात सावली हवीच आहे. कासवाच्या पाठीपासून अंतर साधारण ३५ ते ४५ सेंमी. नेमका आकडा ट्यूबबरोबरच्या तक्त्यात असतो, तो पाळा. यूव्ही मोजायचं मीटर महाग आहे, पण पाळणाऱ्यांच्या मंडळात कुणाकडे तरी असतंच. उसनं आणून एकदा मोजून घ्या. ऊन खायच्या जागी यूव्ही निर्देशांक ३ ते ४ च्या आसपास आला की पुरे. ट्यूब आणि कासव यांच्यामध्ये काच किंवा प्लॅस्टिक नको, बारीक जाळीही बराच यूव्हीबी खाते.

ट्यूब वर्षभराने बदलायची. दिसायला ती तेवढीच लखलखीत असते, फक्त न दिसणारे किरण कमी होत जातात. म्हणून बसवल्या दिवशीच मार्करने तिच्या टोकाच्या टोपीवर महिना-वर्ष लिहून टाकते.

उबेसाठी साधा पांढरा हॅलोजन फ्लड बल्ब, ७५ किंवा १०० वॉटचा. 'स्पॉट' नको. स्पॉटचा झोत पाठीच्या मधोमध एका जागी पडतो. तेवढा भाग भाजून निघतो आणि पाय गारच राहतात. ऊन संपूर्ण कवचावर पडलं पाहिजे. बल्ब सरळ खाली रोखलेला हवा, तिरपा नको. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा कासवाच्या कवचाची आणि भुवईची सावली डोळ्यांवर पडते. बाजूने उजेड मारला तर तो थेट डोळ्यांत जातो. आणि हा बल्ब यूव्हीबी ट्यूबच्या टोकालाच लावा. ऊब एकीकडे आणि यूव्हीबी दुसरीकडे असं केलं तर कासव उबेलाच जाऊन बसेल, ट्यूब जळत राहील आणि विजेचं बिल तुम्ही भराल.

बल्बाच्या खाली एक सपाट स्लेटची फरशी ठेवा, उरलेला कौलाचा तुकडाही चालेल. ती तापते, पोटाकडून शेक मिळतो आणि नखंही झिजतात. आता तापमान. इथे घाई नको. दिवा लावून तासभर थांबा, मग कासवाच्या पाठीच्या उंचीएवढा दगड ठेवून त्याच्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखा. ३२ ते ३५ अंश हवं. जास्त आलं तर दिवा टांगलेल्या साखळीची एक कडी वर, कमी आलं तर एक खाली. सावलीच्या टोकाला २० ते २२ अंश. त्या दोन टोकांमधला फरक टिकवणं म्हणजेच हे सगळं टेबल, बाकी सुतारकाम.

दिवे टायमरवर, १२ ते १३ तास. रात्री पूर्ण अंधार. लाल, निळा असला कसलाही 'रात्रीचा' बल्ब नको, कासवाला तो दिसतो. रात्री पारा १५-१६ वर उतरला तरी धडधाकट हर्मनला चालतं, अगदी पिल्लाला थोडं जास्त ठेवा. घर त्याहून थंड पडत असेल तर उजेड न देणारा सिरॅमिक हीटर आणि त्याला थर्मोस्टॅट. तळाखालची गरम चटई मात्र कधीच नाही. उकडायला लागलं की कासव खाली उकरत जातं, कारण निसर्गात खाली गारवा असतो. तुमच्या टेबलात खाली चटई असेल तर ते गारव्याच्या शोधात विस्तवावर जाऊन बसतं.

आगीचं बघा. होल्डर सिरॅमिकचाच, प्लॅस्टिकचा वितळतो. दिवा क्लॅम्पवर भरवसा ठेवून लावू नका. टेबलावर लाकडी पट्ट्यांची कमान उभी करा आणि दिवा साखळीने टांगा, हुक स्क्रूचा हवा. मांजर टेबलावर उडी मारणार आणि रात्री वायर ओढणार, असं गृहीत धरूनच जोडणी करा.

बाकीचं सामान

लपायला मातीची कुंडी आडवी करून अर्धी पुरा, सावलीकडे, आणि तिच्या आतली माती जास्त ओली ठेवा. पाण्याला कुंडीखालची मातीची बशी, कड मातीच्या पातळीला येईल अशी रुतवलेली. पाणी हनुवटीच्या वर नको. ती दोन दिवसांत घाण होते, कारण कासव पाण्यात बसूनच मोकळं होतं. पिल्लाला शिवाय दिवसाआड कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा.

एकदोन दगड, एक ओंडका, नजर अडवायला एखादं झाड. स्पायडर प्लांट लावा, खाल्लं तरी बाधत नाही. आपल्या मराठी घरात हटकून असतो तो मनी प्लांट विषारी आहे, तो कासवाच्या तोंडाला लागेल असा लोंबू देऊ नका. जास्वंद मात्र पानाफुलांसकट चालते. आमच्याकडे गणपतीला रोज एक फूल जातं, आदल्या दिवशीचं निर्माल्य दगडूला. फवारणी केलेलं विकतचं फूल असेल तर ते देवापुरतंच.

खाण्याचा वेगळा लेख होईल. थोडक्यात, रानपाला. डँडेलियन, रुंद पानाचं प्लँटेन, सोथिसल, मॅलो. डँडेलियन आपल्या पाथरीच्याच गोतातलं, म्हणून तो कडवट वास मला ओळखीचा वाटला. पालक रोज नको, फळं नकोत, पोळीचा तुकडा तर नकोच, पाहुणे कितीही प्रेमाने देत असले तरी. कटल माशाचं हाड, तेच समुद्रफेस, एका कोपऱ्यात टाकून ठेवा, तो कुरतडत राहतो.

आणि जोडीला दुसरं कासव आणू नका. कासवाला एकटेपणा वाटत नाही. एका टेबलात दोन ठेवली तर एक दुसऱ्याला उन्हातून ढकलत राहतं. दबलेलं कासव खात नाही, वाढत नाही, आणि वरून सगळं शांत दिसतं.

कासवाला आणण्याआधी

टेबल आठवडाभर रिकामं चालवा. दुपारचं, रात्रीचं, पहाटेचं तापमान कागदावर लिहा. जास्तीत जास्त आणि कमीत कमी आकडा लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर यासाठी पुरतो. आकडे स्थिर झाले की कासव आणा.

मग फक्त बघायचं. आमच्याकडे सात वाजता दिवे लागतात. थोड्या वेळाने सावलीकडची माती भेगाळते, आधी नाकपुड्या, मग डोक्यावर ढेकूळ घेऊन दगडू वर येतो. पुढच्या पायाने डोळा पुसतो आणि फरशीकडे चालू लागतो. पोहोचला की मान पूर्ण बाहेर, मागचे पाय सरळ ताणलेले, तळवे वरच्या बाजूला. अर्धा-पाऊण तास तसाच. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं गेला की काय! पण असं हातपाय सोडून पडणं म्हणजे तापमान जमलंय.

दिवसभर दिव्याखालून हलतच नसेल तर टेबल थंड आहे. दिवसभर पुरलेला असेल तर बहुधा फार गरम किंवा फार कोरडं. भिंतीला लागून येरझाऱ्या घालत असेल तर जागा अपुरी आहे, किंवा कुठल्या तरी फटीतून बाहेरचं दिसतंय. पहिले काही दिवस तो बुजलेला असतो, तेव्हा लगेच दिवे वर-खाली करू नका. डोळे सुजलेले, नाकातून पाणी, तोंड उघडून श्वास असं दिसलं तर वाट न बघता सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर गाठा. सगळ्याच पशुवैद्यांना कासवं कळत नाहीत, म्हणून असा डॉक्टर जवळपास कुठे आहे ते आधीच शोधून ठेवा. दर आठवड्याला स्वयंपाकघरात असतो तसल्या काट्यावर वजन करून लिहा. काटा त्याच्यासाठी वेगळा ठेवा, कारण कासवांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. हात साबणाने धुवायचे आणि पाण्याची बशी भांडी घासायच्या सिंकमध्ये धुवायची नाही.

घाण रोज उचला, मातीचा वरचा थर महिन्याला पालटा, सगळी माती वर्षातून दोनदा बदला. उन्हाळ्यात गरम कोरड्या दिवशी त्याला अंगणातल्या बंदिस्त वाफ्यात सोडा, वर जाळी घालून, कोल्हे आणि मॅगपाय पक्षी इथे शहरातही फिरतात. सप्टेंबरअखेर तो खाणं कमी करू लागेल. तेव्हा दिवे बंद करून "झोपू दे" म्हणू नका. शीतनिद्रेआधी डॉक्टरांची तपासणी, पोट रिकामं करणं आणि ५ अंशांचा फ्रिज लागतो. ती तयारी नसेल तर त्या हिवाळ्यात दिवे नेहमीसारखे चालू ठेवा.